चिठ्ठीत आधीच लिहिलंय: पत्त्यांची भविष्यवाणी शिकूया

आजच्या भागाला थोडं सामान लागणार आहे. एक पत्त्यांचा कॅट, त्याचा बॉक्स, दोन कागदाच्या चिठ्ठ्या आणि पेन. कॅट घरात कुठेतरी असेलच, गेल्या दिवाळीत मेंढीकोट खेळून झाल्यावर कपाटात गेलेला. काढा बाहेर आणि पूर्ण ५२ पत्ते आहेत ना ते मोजून घ्या, कारण एखादी किलवर तिर्री हरवलेली असेल तर आजची जादू चालणार नाही. जोकर बाजूला ठेवा. लोकलमध्ये उभ्याने ऐकत असाल तर आत्ता नुसतं ऐका. मधे थोडी मोजामोज आहे, ती घरी जाऊन हा मजकूर उघडून, पत्ते हातात घेऊन करा.

मी दिवसभर कोड लिहिते. बीटेक केलं, नोकरीला लागले, तेव्हापासून तेच चाललंय. पत्त्यांच्या जादूकडे वळले ती हातचलाखीच्या हौसेने नाही. एका हाताने कॅट काटणं, पत्ता तळहातात लपवणं, हे मला आजही जमत नाही. मला आवडला तो भविष्यवाणीचा प्रकार. म्हणजे आधी चिठ्ठीत काहीतरी लिहून ठेवायचं, मग समोरच्याने हवं ते करायचं, आणि शेवटी चिठ्ठी उघडली की तेच निघायचं. या प्रकारात बोटांपेक्षा डोकं जास्त चालवावं लागतं. आणि हा प्रकार शिकल्यापासून फोनवर येणाऱ्या 'शंभर टक्के खात्री'च्या मेसेजकडे मी वेगळ्या नजरेने बघते. ते का, हे भागाच्या उत्तरार्धात. आधी जादू.

समोरच्याला काय दिसतं

तुम्ही दोन चिठ्ठ्या लिहिता, घड्या घालून त्यांच्यावर १ आणि २ असे आकडे टाकता आणि कोणातरी तिसऱ्या माणसाच्या खिशात देता. मग कॅट बॉक्समधून काढून मित्राच्या हातात देता. तो पाहिजे तेवढा वेळ पिसतो. तुम्ही कॅटला हातही लावत नाही.

आता तो वरून दोन-दोन पत्ते काढून उताणे करत जातो. दोन्ही लाल निघाले तर ती जोडी डावीकडे. दोन्ही काळे निघाले तर उजवीकडे. एक लाल, एक काळा निघाला तर ती मिश्र जोडी मधे टाकायची. असं करत कॅट संपतो. डावीकडे लाल पत्त्यांचा गठ्ठा, उजवीकडे काळ्यांचा, मधे मिश्र जोड्यांचा.

"चिठ्ठी क्रमांक १ उघड," तुम्ही म्हणता. आत लिहिलेलं असतं: 'लाल गठ्ठ्यात काळ्यापेक्षा बरोबर ४ पत्ते जास्त असतील.' मोजतात. लाल १४, काळे १०. बरोबर चार!

कोणीतरी म्हणतंच, "हॅ, योगायोग." तुम्ही पत्ते गोळा करता, बॉक्समध्ये ठेवता, आणि मग म्हणता, "थांबा, दुसरी चिठ्ठी राहिलीच की." परत कॅट बाहेर. या वेळी पिसायचं काम त्या शंका घेणाऱ्याकडेच. परत दोन-दोन पत्ते, परत तीन गठ्ठे. चिठ्ठी क्रमांक २: 'दोन्ही गठ्ठ्यांत सारखेच पत्ते असतील.' मोजतात. सारखेच!

५२ पत्ते किती वेगवेगळ्या क्रमांनी लागू शकतात, माहितीये? तो आकडा आठावर ६७ शून्यं देऊन जेवढा होईल साधारण तेवढा आहे. नीट पिसलेला कॅट ज्या क्रमात आत्ता तुमच्या हातात आहे, त्या क्रमात जगात याआधी कधीच कुणाच्या हातात आला नसेल, असं जवळजवळ खात्रीने म्हणता येतं. आणि तरीही चिठ्ठी बरोबर येते.

आत काय चालतं

सुरुवातीला चार काळे पत्ते बॉक्समध्येच राहिलेले असतात. बस, एवढंच.

खरंच एवढंच. म्हणजे पहिल्या फेरीत मित्राच्या हातात ५२ नाही, ४८ पत्ते असतात. २६ लाल आणि २२ काळे. पहिली फेरी संपल्यावर तुम्ही सगळे पत्ते बॉक्समध्ये ठेवता, तेव्हा ते चार पत्ते आपोआप बाकीच्यांना येऊन मिळतात. दुसऱ्यांदा कॅट बाहेर येतो तो पूर्ण ५२ चा.

आता हे का चालतं? एक मिश्र जोडी मधे गेली की एक लाल कमी झाला आणि एक काळा कमी झाला. दोन्हीकडून एकेक. फरक तसाच राहिला. तुमची ताई तुमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी असेल तर दर वर्षी दोघांचंही वय वाढतं, पण फरक चारचाच राहतो ना? तसंच. मधे दहा मिश्र जोड्या जावोत नाहीतर चौदा, लाल आणि काळ्यातला फरक सुरुवातीला चार होता, तो शेवटीही चारच. आणि मिश्र जोड्या सोडून उरलेला प्रत्येक लाल पत्ता लाल गठ्ठ्यात, प्रत्येक काळा काळ्यात गेलेला असतो. दुसरीकडे जायला त्यांना जागाच नाही.

विश्वास बसत नसेल तर छोट्या आकड्यावर करून बघा. सहा लाल आणि दोन काळे पत्ते घ्या. पिसा, दोन-दोन काढा. एक तर दोन्ही काळे एकाच जोडीत येतील, मग लाल ६, काळे २. नाहीतर दोन काळे दोन वेगळ्या लालांबरोबर मधे जातील, मग लाल ४, काळे ०. तिसरा प्रकार शक्यच नाही. दोन्ही वेळा फरक चार.

माझ्या कामात याला इनव्हेरियंट म्हणतात. बाकी सगळं हलत असतं, बदलत असतं, तेव्हा जी एक गोष्ट बदलत नाही ती. लूप कितीही वेळा फिरला तरी जे खरं राहतं, ते पकडलं की प्रोग्राम बरोबर आहे हे सिद्ध करता येतं. मी सवयीने एक छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली आणि लाख वेळा पत्ते पिसायला लावले. फरक एकदाही चारावरून हलला नाही. अर्थात स्क्रिप्टची गरज नव्हती, ताईच्या वयाचं उदाहरण पुरेसं आहे. पण स्क्रिप्टमधून एक कामाची गोष्ट दिसली. गठ्ठे प्रत्येक वेळी वेगळे येतात. कधी १४ आणि १०, कधी १६ आणि १२, कधी १२ आणि ८. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की काहीही होऊ शकलं असतं. आणि तुम्ही चिठ्ठीत नेमकी तीच गोष्ट लिहिलेली असते जी बदलू शकत नव्हती.

ही जादू माझी नाही हं. स्टुअर्ट जेम्स नावाच्या कॅनडातल्या जादूगाराची आहे. १९३६ साली ती 'जिंक्स' नावाच्या जादूगारांच्या मासिकात 'मिरास्किल' या नावाने छापून आली. इतकी वर्षं झाली, तरी जादूगार अजून तिच्यात नवनवीन भर घालत असतात.

करून दाखवताना

गुपित दोन मिनिटांत कळलं. आता करून दाखवायला निदान आठवडाभर द्या. मी शिकताना लक्षात आलेल्या गोष्टी सांगते.

बाजूला ठेवायचे चार पत्ते साधे निवडा. दोन इस्पिकचे, दोन किलवरचे, सत्ती-अठ्ठीसारखे. इस्पिकचा एक्का ठेवू नका, त्याच्यावर लोकांचं लक्ष असतं. हे चार पत्ते बॉक्समध्ये तुमच्या अंगाकडच्या बाजूला चिकटून राहू द्या. कॅट काढताना बॉक्सचं तोंड स्वतःकडे ठेवा, झाकण अर्धवट लावा आणि बॉक्स सहज बाजूला ठेवा. खिशात घालू नका, त्याच्याकडे बघतही बसू नका. तुम्ही जिकडे बघाल तिकडे सगळे बघतात.

जोड्या उताण्या टाकायला सांगा. पालथ्या टाकल्या आणि एखादी जोडी चुकीच्या गठ्ठ्यात गेली तर शेवटी हिशेब लागणार नाही. नवे कोरे पत्ते एकमेकांना चिकटतात, म्हणून थोडा वापरलेला कॅट बरा. दोनाऐवजी तीन पत्ते आले तर लगेच थांबवा आणि एक परत वर ठेवायला सांगा.

चोवीस जोड्या टाकायला वेळ लागतो. तेवढा वेळ गप्प बसलात तर लोक फोन काढतील. मधेच विचारा, "कोणाचा गठ्ठा मोठा होईल वाटतं?" पैज लावू द्या. घरात दोन गट पाडा, एक लालवाले, एक काळेवाले. माझ्या घरी बाबा कायम काळ्याच्या बाजूने असतात. पहिल्या फेरीत ते हरतात आणि दुसऱ्या फेरीत बरोबरी झाल्यावर जिंकल्यासारखे खूश होतात.

बोलताना कधीही "हे ५२ पत्ते" असं म्हणू नका. "हा कॅट" म्हणा. आकडा उच्चारला की कोणीतरी मोजायला बसतं. आणि पिसून झाल्यावर विचारा, "अजून पिसायचाय?" हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कारण नंतर लोक गोष्ट सांगताना हेच सांगणार आहेत की आम्हीच पिसला, तिने हातही लावला नाही. आणि ते शब्दशः खरं असतं.

दुसरा रस्ता: निवड तुमची, पत्ता माझा

भविष्यवाणीचे एकूण तीन मोठे रस्ते आहेत. पहिला आत्ता बघितला, न बदलणारी गोष्ट पकडायची. दुसऱ्याला जादूगार 'फोर्स' म्हणतात. समोरच्याला वाटतं आपण निवडलं, पण पत्ता तुम्ही ठरवलेलाच येतो.

सगळ्यात सोपा फोर्स असा. कॅटमधला सगळ्यात वरचा पत्ता गुपचूप बघून ठेवा. समजा बदामची राणी. चिठ्ठीत 'बदामची राणी' लिहा. कॅट पालथा टेबलावर. मित्राला सांगा, "वरून हवे तेवढे पत्ते उचल आणि बाजूला ठेव." त्याने उचलले, बाजूला ठेवले. आता तुम्ही खालचे उरलेले पत्ते उचला आणि त्याने ठेवलेल्या गठ्ठ्यावर आडवे ठेवा, अधिक चिन्हासारखे. म्हणा, "तू कुठे काटलंस ते लक्षात राहायला आडवं ठेवते."

आणि मग पत्त्यांचा विषयच सोडून द्या. वीस-तीस सेकंद दुसरं काहीतरी बोला. चिठ्ठी कोणाकडे आहे, तुला आधी काही सांगितलं होतं का, हवं तिथे काटायची मोकळीक होती ना, असं काहीही. मग वरचा आडवा गठ्ठा उचला आणि खालच्या गठ्ठ्याचा वरचा पत्ता दाखवून म्हणा, "तू जिथे काटलंस, तिथला पत्ता बघ." तो पत्ता बदामची राणी. ती सुरुवातीपासून वरच होती, हललीच नाही! पण त्या वीस सेकंदांत कोणता गठ्ठा वरचा आणि कोणता खालचा, हे माणूस विसरून जातो.

लगेच दाखवलंत तर लहान मुलगासुद्धा पकडेल. मधे बोलण्याचा वेळ गेला की मोठी माणसंही पकडत नाहीत. मला यातली ही गोष्ट थोडी घाबरवते. आपल्या डोळ्यांदेखत, टेबलावर, उजेडात घडलेली गोष्ट अर्ध्या मिनिटात आपल्याच डोक्यात बदलते. आणि बदलली हे कळतही नाही.

तिसरा रस्ता: सगळी उत्तरं तयार ठेवायची

तिसरा रस्ता म्हणजे जितकी उत्तरं शक्य आहेत तितक्या चिठ्ठ्या आधीच लपवून ठेवायच्या. समोर तीन पत्ते मांडले. इस्पिक निवडला तर चिठ्ठी पाकिटात आहे, बदाम निवडला तर त्याच पत्त्याच्या मागे लिहिलंय, किलवर निवडला तर खुर्चीखाली चिकटवलंय. तुम्ही फक्त एकच जागा दाखवता. बाकीच्या दोन जागा कोणी बघतच नाही, कारण तिथे काही असेल हे कोणाला माहीतच नसतं.

आता पत्ते खाली ठेवा आणि फोन हातात घ्या.

समजा माझ्याकडे १,०२४ लोकांचे नंबर आहेत. आज मॅच आहे. मी ५१२ जणांना मेसेज पाठवते, 'आज पहिली टीम जिंकणार, खात्रीची आतली बातमी.' उरलेल्या ५१२ जणांना पाठवते, दुसरी टीम जिंकणार. मॅच झाली. ज्यांना चुकीचं सांगितलं त्यांना सोडून दिलं. उरलेल्या ५१२ मधल्या अर्ध्यांना पुढच्या मॅचला एक टीम, अर्ध्यांना दुसरी. असं करत पाच मॅच झाल्या की ३२ लोक उरतात. या ३२ जणांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय की माझं भाकीत सलग पाच वेळा बरोबर आलं. एकही चुकलं नाही. आता मी त्यांना लिहिते, 'सहावी टिप हवी असेल तर पाच हजार पाठवा.'

तुम्ही त्या ३२ पैकी एक असाल तर काय कराल? तुमच्याकडे पुरावा आहे, स्क्रीनशॉट आहेत. बाकी ९९२ लोकांचे स्क्रीनशॉट तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. मॅचच्या जागी शेअर टाका, वर जाणार की खाली, तरी गणित तेच.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. ब्रिटनमधला डेरेन ब्राऊन नावाचा कलाकार आहे. त्याने २००८ साली 'द सिस्टिम' नावाच्या टीव्ही कार्यक्रमात घोड्यांच्या शर्यतीवर हेच करून दाखवलं. सुरुवातीला ७,७७६ लोक होते. शर्यतीत सहा घोडे, म्हणून लोकांचे सहा भाग, प्रत्येक भागाला वेगळा घोडा. पाच शर्यतींनंतर एकच व्यक्ती उरली, जिला पाचही वेळा बरोबर घोडा सांगितला गेला होता. तिचा अर्थातच त्या पद्धतीवर पूर्ण विश्वास बसला होता. मग त्याने ते कसं केलं हे प्रेक्षकांना उलगडून सांगितलं. सहाचा पाचवा घात करून बघा, ७,७७६ च येतो.

मिरास्किलमध्ये चार पत्ते बॉक्समध्ये राहिले होते. इथे ९९२ माणसं बॉक्समध्ये राहिली आहेत. भविष्यवाणी बरोबर आली की आपण चिठ्ठीकडे बघतो. बघायला पाहिजे बॉक्सकडे. मला काय दाखवलेलं नाही? हा एकच प्रश्न तिन्ही रस्त्यांना पुरतो.

आणि कोणी खरं मानलं तर?

आता जरा अवघड भाग. जादू नीट जमायला लागली की कधी ना कधी कोणीतरी तुम्हाला बाजूला घेऊन हळूच विचारतं, "खरंच काही दिसतं का गं तुला?"

मला शेजारच्या काकूंनी विचारलं. त्यांच्याकडे हळदीकुंकवाला आम्ही सगळ्या जमलो होतो, मी दोन्ही चिठ्ठ्या करून दाखवल्या, सगळ्या हसल्या, टाळ्या झाल्या. निघताना काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्यांचा मुलगा वर्षभर नोकरी शोधत होता. फोनवर कोणीतरी त्यांना गाठलं होतं. तुमच्या घरात एकाचं काम अडलंय, घरात एकाला पोटाचा त्रास आहे, असं त्याने न सांगता ओळखलं होतं. अकरा हजारांची पूजा सांगितली होती. काकू म्हणाल्या, "तू तेवढे पत्ते लावून बघ ना. पैसे पाठवू का नको, एवढंच सांग."

जादूगार गुपित सांगत नाहीत, हा जुना संकेत आहे आणि मला तो पटतो. ज्याला नुसती मजा हवी आहे त्याची मजा का घालवायची? पण काकूंना मजा नको होती, त्यांना निर्णय घ्यायचा होता, तोही अकरा हजारांचा. मी त्यांना ओट्यापाशीच बसवलं, बॉक्स उघडला आणि ते चार पत्ते दाखवले.

त्यांनी स्वतः एकदा सगळे पत्ते लावले. मग न बोलता दुसऱ्यांदा लावले. मग म्हणाल्या, "म्हणजे मी कितीही पिसले तरी हेच येणार होतं."

मी म्हटलं, "काकू, आता त्या माणसाचं बोलणं आठवा. या बिल्डिंगमध्ये कुठल्या घरात कोणाचं काम अडलेलं नाही? कुठल्या घरात कोणाला पोटाचा त्रास नाही?"

त्या बिल्डिंगमधली घरं मोजायला लागल्या. पहिल्या मजल्यावरच थांबल्या.

त्यांनी पैसे पाठवले नाहीत. पुढे मुलाला नोकरी लागली का, हे तुम्ही विचाराल. ते मी मुद्दामच सांगत नाही. कारण पैसे पाठवून नोकरी लागली असती तर पूजेने लागली असं झालं असतं, आणि नसती लागली तर पूजेत काही राहून गेलं असं झालं असतं. दोन्ही चिठ्ठ्या तयार होत्या, तिसऱ्या रस्त्यासारख्या. म्हणून नोकरीच्या निकालावरून त्या माणसाचं खरं-खोटं ठरतच नाही.

महाराष्ट्रात ही परंपरा आहे बरं का. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. समितीचे कार्यकर्ते गावोगाव, शाळांमध्ये आधी चमत्कार करून दाखवतात आणि मग तो कसा केला ते सांगतात. चमत्कार खोटा आहे असं नुसतं भाषण दिलं तर लोक ऐकून सोडून देतात. स्वतःच्या हाताने केला की तो विसरत नाहीत. काकू विसरल्या नाहीत, हे मला माहितीये. कारण पुढच्या महिन्यात भिशीला त्यांनी स्वतःच सगळ्यांना ही जादू करून दाखवली.

म्हणून माझा स्वतःपुरता नियम असा: मजेसाठी बघणाऱ्याला गुपित सांगायचं नाही. शिकणाऱ्याला सांगायचं, म्हणूनच आज तुम्हाला सांगितलं. आणि माझ्या जादूवर विसंबून कोणी पैशाचा, आजारपणाचा, लग्नाचा निर्णय घ्यायला निघालं, तर त्याच क्षणी बॉक्स उघडून दाखवायचा. मग संध्याकाळची जादू गेली तरी चालेल.

या आठवड्याचा सराव

पहिले दोन दिवस एकट्याने पत्ते लावा. दहा वेळा तरी. हात नाही, विश्वास बसण्यासाठी. आपला स्वतःचाच विश्वास नसेल तर चिठ्ठी उघडताना आवाज कापतो.

मग दोन दिवस फक्त बॉक्सचा सराव. चार पत्ते आत राहू देऊन कॅट सहज बाहेर काढणं, आणि शेवटी सगळे परत ठेवणं. फोनचा कॅमेरा समोर लावून रेकॉर्ड करा आणि बघा, तुमची नजर बॉक्सकडे जातेय का.

त्यानंतर बोलणं. काय बोलणार ते आधी कागदावर लिहा आणि मोठ्याने म्हणा. चिठ्ठीची भाषा अगदी नेमकी ठेवा. 'लाल गठ्ठा मोठा असेल' असं मोघम लिहू नका, 'बरोबर ४ पत्ते जास्त' असं लिहा. मोघम भविष्य सांगणारे खूप आहेत, आपण त्यांच्यात नको.

आणि शेवटी, एकाच माणसासमोर करून बघा. पहिल्यांदाच वीस जणांसमोर नको. दुसऱ्या चिठ्ठीनंतर थांबा. कोणी तिसऱ्यांदा म्हणालं तर हसून पत्ते बॉक्समध्ये ठेवा आणि "आता जेवायला वाढा" म्हणा.

पुढच्या भागात पिसण्याबद्दल बोलू. कॅट खरंच नीट मिसळायला किती वेळा पिसावा लागतो, याचं गणित पर्सी डायकॉनिस यांनी मांडलंय. ते जादूगारही आणि गणितज्ञही, त्यामुळे तोही भाग पत्ते हातात घेऊनच ऐकायचा आहे. तोपर्यंत कॅट जपून ठेवा, एकही पत्ता हरवू देऊ नका. आणि उद्या फोनवर कोणी खात्रीची टिप पाठवली, तर पैसे पाठवायच्या आधी एकदा विचारा, बॉक्समध्ये काय राहिलंय? भेटूया.